पंख्यातल्या अक्षता

वर्षा,

तेरवीला आलेल्या बायांनी तुझा फोटो पाहिला, हात जोडले, फुलं वाहिली, आणि पंगतीला बसायच्या आधी एकमेकींना म्हणाल्या, "चांगला केला हो फोटो. पण तिनं सोता केला असता तं गोष्टच और होती."

एकीनं नाही, चार-पाच जणींनी. आता मला सांग, माणसानं स्वतःच्या तेरवीचा फोटो स्वतः कसा करायचा? पण तुझ्याबद्दल बोलताना आपल्या धाड गावच्या बायांना असलं काही सुचत नाही. मी पाण्याचा जग घेऊन तिथंच उभी होते. माझ्यासमोर बोलल्या. मी पेल्यात पाणी ओतत राहिले आणि मनात म्हटलं, घे, गेली तरी माझ्या पुढेच.

हे लिहून काढतेय, कारण तोंडावर बोलायची सोय आता राहिली नाही. सोय होती तेव्हा आपला वेळ भांडण्यात गेला. भांडण अर्धंच राहिलंय, ते माझ्या डोक्यात अजून चालू आहे.

साधा ताप म्हणून तुला बुलढाण्याला न्यायचं ठरलं. जीपमध्ये बसल्यावर तू खिडकीतून डोकं काढून मला म्हणालीस, "ताई, लोणारवाल्या नवरीचा अल्बम माह्या मशीनवर उघडा हाये. बंद नका करू, फक्त शेवटची दोन पानं राह्यली." मी म्हटलं, "माह्या मशीनवर घेते मी. तुह्याच मशीनवर पाह्यजे असं काही नाई." तू हसलीस. "तुमच्या मशीनवर उघडेपर्यंत नवरीले लेकरू होईन, ताई." जीप निघाली. हे आपलं शेवटचं बोलणं. ना 'येते' म्हणालीस, ना 'घराकडे पाहा'. आणि शेवटचा टोला तुझाच.

या घरात सगळ्यात आधी मान माझा. हळदीकुंकू आधी मला, ओटी आधी मला, गौरीला पहिला नैवेद्य माझ्या हातचा. तू कधी त्याला हरकत घेतली नाहीस. आणि एक गोष्ट मात्र मला न विचारता आधी घेऊन टाकलीस. धाकट्या जावेनं असं रांग मोडून जायचं असतं का?

तू आलीस तेव्हा तुला माउस धरता येत नव्हता. सासऱ्यांनी धाडच्या स्टँडजवळ काढलेला स्टुडिओ आपल्या दोघींचे नवरे चालवायला लागले होते. ते कॅमेरे घेऊन लग्नांचे फोटो काढत गावोगाव फिरायचे आणि मागच्या खोलीत मी एकटी एडिटिंग करायचे. मग धाकट्या दिराचं, प्रकाशचं लग्न झालं, तू आलीस, आणि माझ्या शेजारी तुझं टेबल लागलं. माउस धरायला मी शिकवलं. चेहरा उजळ कसा करायचा, मागचा भिंतीवरचा स्विचबोर्ड कसा पुसायचा, नवरदेवाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून कसे उघडायचे, सगळं मी. हे मी इतक्यांना इतक्यांदा सांगितलं की पुढे मी तोंड उघडलं की तूच म्हणायचीस, "हाव, मले माउस धराले ताईनं शिकवलं." हसून म्हणायचीस. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, किती गुणाची पोर. म्हणजे शिकवलं मी आणि कौतुक तुझं.

दोन वर्षांत तू कुठल्या कुठे गेलीस. नवरीचे मोकळे केस कापून दुसऱ्या बॅकग्राउंडवर ठेवणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम. मी केस कापले की नवरीनं टोपी घातल्यासारखी दिसायची. तू एकेक बट सोडवायचीस. वाऱ्यावर उडालेला एखादा केससुद्धा जागेवर राहायचा. मी पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून तुझ्या मागे उभी राहायचे आणि पाहायचे. तुला कळत होतं. तू मुद्दाम हात जरा सावकाश चालवायचीस, मला दिसावं म्हणून. मी पाणी पिऊन परत जागेवर. 'छान झालं' एवढे दोन शब्द बोलायला काही पैसे पडत नव्हते, पण ते कधी तोंडातून निघाले नाहीत. आजही लिहिताना हात अडतोय. छान व्हायचं गं.

आणि ते मशीन! दोन्ही कॉम्प्युटर एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच गाडीतून आले. आतलं सामान सारखं, पडदा सारखा, दोघांना सारखेच हार घालून आपण बसवले. तरी तुझं बटण दाबलं की तू पदर खोचेपर्यंत चालू. मी माझं चालू करून चहा ठेवायचे, प्यायचे, कप विसळून यायचे, तरी पडद्यावर ते गोल चक्कर फिरतच असायचं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहायचं, मग तुझ्याकडे पाहायचं, आणि हळूच खुर्ची तुझ्या बाजूला सरकवायचं. ती खुर्ची सरकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तुझं म्हणणं होतं की मशीन हळू चालत नाही, मी ते चालू देत नाही. कारण मी काही टाकत नाही. एका लग्नाचे तीन हजार फोटो आले की तू दीडशे ठेवायचीस आणि अल्बम छापून गेला की तेही उडवायचीस. मी हललेले, डोळे मिटलेले, अर्धं मुंडकं कापलेले, सगळे ठेवायचे. उद्या कोणी मागितला तर? त्यातला एखादा म्हातारा उद्या गेला तर? तू एकदा मला समजावलं होतंस, "ताई, भाकर थापाले परात रिकामी पाह्यजे का नाई? मशीनचंबी तसंच हाये. त्याले काम कराले आतमधी मोकळी जागा लागते. तुमी परातीतच महिन्याचा किराणा भरून ठेवला, आन मंग म्हनता भाकर काऊन होत नाई."

मी म्हटलं, "तसं काही नाई. तुले चांगलं मशीन देलं."

"मंग बदला."

मी लगेच बदललं. तुला वाटलं मी मागे हटेन. आपण मशीनच्या अदलाबदलीत एक अख्खी दुपार घालवली, वायरींचा गुंता झाला, सासूबाई दारात येऊन पाहून गेल्या. पहिले काही दिवस मी हवेत होते. तुझं मशीन बोटाखाली नुसतं पळत होतं. मग मी माझं सगळं त्याच्यावर आणलं, लग्नपत्रिकांचे शेकडो फॉन्ट टाकले, दिवसभर गाणी लावली, आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत ते माझ्या आधीच्या मशीनसारखंच सुस्त झालं. तुझ्याकडे गेलेलं माझं जुनं डबडं मात्र पळायला लागलं. मग मी म्हटलं की दोष टेबलाचा आहे, तुझ्या टेबलाशी खिडकी आहे, मशीनला हवा लागते. आपण टेबलंही बदलली. तरी तेच. त्यावर तू पदर तोंडाशी धरून म्हणालीस, "ताई, आता फक्त नवरे बदलाचे राह्यले." बाहेर काउंटरवर दोन्ही नवरे बसलेले. मला आतून हसू येत होतं आणि ते दाबता दाबता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुला वाटलं मी रडतेय. तू घाबरून माझ्यासाठी पाणी आणलंस. ते हसू होतं, वर्षा, हे तुला सांगायचं राहिलं.

तुझ्या हातून एकदाच चूक झाली आणि ती मी जिवापाड जपली.

गेलेल्या माणसाचा तेरवीचा फोटो करायचा तर तो लग्नातल्या एखाद्या घोळक्यातून कापून काढावा लागतो, कारण आपल्याकडे म्हाताऱ्यांचे एकटे फोटो नसतातच. तू तसा एका आजोबांचा काढलास. कोट चढवलास, मागे साधा निळा रंग दिलास. ढगांचं बॅकग्राउंड तुला पटायचं नाही, "मानूस ढगात कायले पाठवा लागते" म्हणायचीस. फ्रेम गेली, तेरवी झाली. बऱ्याच दिवसांनी आजोबांचा मुलगा चादरीत गुंडाळून फ्रेम घेऊन आला. म्हणाला, "ताई, आमच्या बाबाच्या खांद्यावर हे कोणाचे बोटं हायेत?" फोटोत मागे उभ्या असलेल्या कोणाची तरी चार बोटं आजोबांच्या खांद्यावर तशीच राहिली होती. हात नाही, माणूस नाही, नुसती बोटं. तुझे कान लाल झाले. तू दुसरी फ्रेम करून दिलीस, तो बिचारा चहा पिऊन हसत गेला. पण ती फाइल तू उडवायच्या आत मी माझ्या मशीनवर घेतली आणि तिला नाव दिलं 'वर्षा'.

कोणी तुझं फार कौतुक करायला लागलं की मी ती फाइल उघडायला जायचे. दाखवायची होती एकदा तरी सगळ्यांना. पण माझ्या मशीनचा वेग असा की ती उघडेपर्यंत गिऱ्हाईक चपला घालून स्टँडवर पोचलेलं असायचं. तू सगळं पाहून गालात हसायचीस. "ताई, ते काढून टाका ना. त्याच्यानंच तुमचं मशीन हळू झालं."

"एका फोटोनं मशीन हळू होत नाई," मी म्हणायचे.

"त्याच फोटोनं होते," तू म्हणायचीस. या भांडणाचा निकाल लागायचाच होता.

तू गेल्यावर तेरवीच्या आधी प्रकाश स्टुडिओत आला. फोटो करायचा होता. त्यानं तुझं मशीन चालू केलं. पापणी लवायच्या आत चालू झालं. आणि आत काही नव्हतं. लोणारवाल्या नवरीचा अल्बम, दोन पानं बाकी. बस. या बाजूच्या अर्ध्या गावांच्या सुना-लेकी तू उजळवल्यास, आणि तुझा स्वतःचा एक फोटो ठेवला नाहीस. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये शाळेतली पोरगी दिसत होती. आधार कार्डावरची बाई तू आहेस असं शपथेवर सांगावं लागलं असतं. मोबाइलमध्ये सगळे गिऱ्हाइकांचे नमुने. प्रकाश तुझ्या खुर्चीत बसून रडला. इतक्या वर्षांत बायकोचा एक फोटो नाही काढला का, तर काढला होता. लग्नाच्या स्टेजवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी उजेड जमतोय का ते पाहायला आपल्यालाच तर उभं करायचे. तू घरी येऊन तेच सगळ्यात आधी उडवायचीस. "उजेडाचे फोटो कोन ठेवते?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "थोरलीच्या डबड्यात पाहा. ती काही टाकत नाई."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या एखाद्या गुणाचा उल्लेख करण्याची ही पहिलीच वेळ.

होता. एकच धड होता आणि तोही साधा नव्हता. तुझ्या भावाच्या लग्नातला, सुलतानपूरचा. त्याची मूळ प्रत तू कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच उडवली होतीस. पण त्याआधी मी तो अल्बमच्या पानाचा नमुना जमवायला वापरला होता, वर फुलं, महिरपी, अक्षरं, चमचम असं थरांवर थर चढवून. ती अवाढव्य फाइल माझ्याकडे पडून होती. मी ती उघडायला घेतली. चक्कर फिरलं, फिरलं, आणि मशीन म्हणालं, जागा नाही. पुन्हा उघडली. पडदा पांढरा झाला आणि सगळं थिजलं. प्रकाश म्हणाला, "वहिनी, पेन ड्राइव्हवर घ्या, तिच्या मशीनवर उघडू. मिनिटात होईन."

मी नाही म्हटलं. घरात सुतक, त्याचे डोळे सुजलेले, आणि मला हेच सुचलं की तुझ्या मशीनवर केला तर लोक म्हणतील, पाहा, गेल्यावरही तिच्याच मशीननं काम केलं. त्याला म्हटलं, "माह्या मशीनवरच होईन. तुमी घरी जा." तो गेला. फोटो छापणाऱ्या लॅबचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल न्यायला येणार होता. तोवर फोटो नाही झाला तर तेरवीला तू आधार कार्डावरच्या चेहऱ्यानं बसणार होतीस, माझ्या हट्टापायी.

मग मी बसले, आणि तू जे जे सांगत आलीस ते सगळं करत गेले. आधी गाणी बंद केली. मशीन सुरू होताच मागे आपोआप चालू होणारं जे काय काय होतं ते थांबवलं. फॉन्ट उडवले, सॉफ्टवेअर चालू होताना एकेक फॉन्ट वाचत बसतं म्हणायचीस, आणि मी आजवर वापरले होते दोन. जुने अल्बम बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेले. मग ते हललेले, मिटलेल्या डोळ्यांचे, मुंडकं कापलेले. उडवताना प्रत्येक वेळी मशीन विचारायचं, नक्की का? आणि माझ्या तोंडून 'हाव' निघायचं, मोठ्यानं. सॉफ्टवेअरची काम करायची तात्पुरती जागा भरलेल्या सी ड्राइव्हवरून काढून मोकळ्या झालेल्या डी ड्राइव्हवर दिली. परात रिकामी होत गेली. मशीन जरा बरं चालायला लागलं, पण ती फाइल घेतली की आतून घरघर यायची, खोका तव्यासारखा तापायचा आणि पुन्हा थिजायचं.

तेव्हा मी पहिल्यांदा खोक्याचं झाकण काढलं. तू दर बाजाराच्या दिवशी गर्दी ओसरली की तुझ्या मशीनचं झाकण काढून ब्रशनं झाडायचीस. मला वाटायचं, हे लोकांना दाखवायला.

आत पंख्यात काय होतं, सांगू? तांदूळ. हळद-कुंकू लागलेले तांदूळ. आणि वाळून काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, धुळीत घोळलेल्या वातींसारख्या पात्यांना गुंडाळलेल्या. दसऱ्याला आपण कॅमेरे, लाइट, मशीनं सगळ्यांची पूजा करतो. मान थोरलीचा, पूजा मी करायचे. तू तुझ्या मशीनला अनामिकेनं कुंकवाचं एक बोट लावून मोकळी व्हायचीस. मी मात्र सासूबाई पाहतायत म्हणून माझ्या मशीनवर मुठीनं अक्षता टाकायचे, वरच्या जाळीवरून, फुलं कुस्करून. तू दरवर्षी म्हणायचीस, "ताई, वरतून नका टाकू, पंख्यात जातात." मी दरवर्षी म्हणायचे, "देवाचं हाये, त्यानं काही बिघडत नाई." एकदा तर तुला सुनावलं होतं की तुझा देवावर विश्वास नाही. इतक्या दसऱ्यांच्या अक्षता त्या पंख्यात बसल्या होत्या. पंखा धड फिरत नव्हता, मशीन तापत होतं, तापलं की हळू होत होतं. मी माझ्याच पूजेनं त्याचा गळा आवळला होता.

म्हणजे हेही तुझंच खरं. मी चिमटा घेऊन एकेक तांदूळ काढत होते आणि मला राग येत होता, खरंच सांगते, रडू नाही, राग. सगळ्या बाबतीत बरोबर निघायचं आणि ते ऐकायला हजर राहायचं नाही, ही कुठली रीत?

तांदूळ काढले, पाकळ्या काढल्या, ब्रश फिरवला. तुझाच ब्रश घेतला. झाकण लावलं. मग सगळ्यात शेवटी ती 'वर्षा' नावाची फाइल डेस्कटॉपवर एकटी उरली. आजोबा, आणि खांद्यावर चार बोटं. एका फोटोनं काही होत नाही हे मला माहीत होतं. तरी उडवली. मशीननं विचारलं, नक्की का? या वेळी मी नुसतं बटण दाबलं.

आणि मग सुलतानपूरची फाइल उघडली. चक्कर फिरलंच नाही. मी चहाचा विचारही केला नव्हता, तोवर तू समोर.

एकेक थर काढत गेले. महिरप काढली, फुलं काढली, अक्षरं काढली. खाली स्टेज, लाल पडदा, आणि आपण दोघी. करवली म्हणून तू जांभळी साडी नेसलेली, केस मोकळे, मान माझ्याकडे वळवून खळखळून हसतेयस. मी शेजारी रेशन कार्डाला काढल्यासारखा चेहरा करून उभी. त्या आठवड्यात मी तुझ्याशी बोलत नव्हते. चिखलीच्या एका नवरीनं माझं काम परत पाठवून तुझ्याकडून करून मागितलं होतं. प्रकाशनं कॅमेऱ्यामागून सांगितलं, "वहिनी, जवळ घ्या ना तिले, फ्रेम मोकळी दिसून राह्यली." म्हणून मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि तू ओठ न हलवता म्हणालीस, "ताई, हसा जरा. नाई तं हाच फोटो मी तुमच्या तेरवीले वापरीन." स्वतःच्या विनोदावर तू हसलीस, मी नाही हसले, आणि तेवढ्यात फोटो निघाला. फोटो काढून झाला, प्रकाश लाइट आवरायला लागला, तरी हात काढायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तूही खांदा हलवला नव्हतास.

वर्षा, तू इतकी चांगली दिसतेस त्यात की माझा जळफळाट झाला. मेलेल्या बाईवर कोणी जळतं का? मी जळते. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हा फोटो माझा आहे. प्रकाशकडे नाही, तुझ्या माहेरी नाही, तुझ्या त्या झाडूनपुसून लख्ख मशीनमध्ये नाही. तू फक्त माझ्या डबड्यात उरलीस. हे कोणाला द्यावंसंच वाटेना.

मग कापायला घेतला. तुझे केस मी तुझ्यासारखे कापले. एकेक बट सोडवली. कपाळावर उडालेला एक केस होता, तो तसाच ठेवला. डोळे दुखले, पाठ भरून आली. लाइट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काम चाललं. जांभळ्या साडीची कड नीट आली. मागे साधा निळा रंग दिला, ढग नाहीत. कुठेही खोट नाही. तुझ्या मागे कोणी पाणी पिण्याचं निमित्त करून उभं असतं, तर त्यालाही खोट सापडली नसती.

तेरवीला पाटावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा जाड हार. बाया काय म्हणाल्या ते वर लिहिलंच आहे.

आज हार वाळला म्हणून प्रकाशनं तो उतरवला आणि फ्रेम भिंतीवर लावायला खिळा ठोकला. फ्रेम लावून मागे सरला, आणि पाहतच राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे तिच्या खांद्यावर बोटं कोणाचे राह्यले?"

मी म्हटलं, "माहे."

"काढाचे राह्यले का? आनखी एकदा प्रिंट मारू. तिनं पाह्यलं असतं तं..."

"तिनं पाह्यलं असतं तं हसली असती. राहू द्या."

त्यानं फ्रेम सरळ केली, खिळा हलतो का ते पाहिलं आणि आत गेला.

आता गावात बोलतील. थोरलीले अजून कटिंग जमत नाई, धाकटी असती तं असं झालं नसतं. बोलू देत. तू तिथं भिंतीवर उडत्या केसांची, अशी खळखळून हसणारी, आणि जो येईल तो तुझ्याकडेच पाहत उभा राहणार, हे मला आधीच दिसत होतं. म्हणून बोटं ठेवली. आता जो कोणी तुझ्याकडे पाहील, तो आधी विचारील, ही बोटं कोणाची? आणि दरवेळी माझं नाव घ्यावं लागेल. एकटीला भाव खाऊ देणार नाही मी तुला, वर्षा. तिथंही नाही.